काय काय खोललं होतं?

फेरफार केलेलं इंजिन वर्कशॉपात येतं तेव्हा मालक आधी त्या फेरफाराचं कौतुक सांगतो. नवा कार्बोरेटर कुठून मिळवला, सायलेन्सर कसा कापला, मोबाईलवर कुठला व्हिडिओ बघितला. मग आवाज खाली येतो आणि मुद्दा निघतो: "पण सुरू होईना झालंय." मी सगळं ऐकून घेतो आणि एकच विचारतो, "हे बसवायला काय काय खोललं होतं?" यावर माणसं जरा बिचकतात. खोललेलं परत बसवलं की त्यांच्या दृष्टीनं तो विषय मिटलेला असतो, त्यामुळे ते त्यांच्या लक्षातही नसतं. माझं काम मात्र बहुतेक वेळा तिथंच निघतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गल्लीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एके काळी या भागात ऑईल इंजिनं तयार व्हायची. आजही फौंड्री, लेथ, बोअरिंग, वेल्डिंग, सगळं हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे इथल्या माणसाला "हे असं केलं तर?" म्हणायला फार धाडस लागत नाही. माझ्याकडे येतात ती लहान इंजिनं: पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, ब्रश कटर, जनरेटर, पॉवर वीडर. आणि कोळपी. जुन्या मोटारसायकलचं इंजिन लोखंडी सांगाड्यावर चढवून केलेलं कोळपं आता आमच्या भागात कोणाला नवलाचं राहिलेलं नाही.

अशाच एका कोळप्याचं सांगतो. शंभर सीसीची जुनी गाडी. गाडी होती तेव्हा एका किकला सुरू व्हायची, कोळप्यावर चढली आणि मुकी झाली. मालकानं कार्बोरेटर पुन्हा पुन्हा धुतला होता, प्लग नवा टाकला होता, पेट्रोलही बदलून झालं होतं. मी विचारलं, सांगाड्यावर चढवताना गाडीचं काय काय काढलं? यादी लांबलचक निघाली: टाकी, सीट, हेडलाईट, इंडिकेटर, वायरिंगचा गुंता आणि बॅटरी. "बॅटरी कशाला पायजे? लाईटच न्हाई तर." आता गंमत अशी की काही गाड्यांचा सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारा डबा, मॅग्नेटोच्या कॉईलवर चालतो, त्याला बॅटरी असली काय, नसली काय, सारखंच. काहींच्या सीडीआयला बॅटरीचेच बारा व्होल्ट लागतात. ही गाडी दुसऱ्या जातीची होती. बॅटरी जोडली, ठिणगी आली, दोन किकांत कोळपं सुरू झालं. कार्बोरेटरची काही चूक नव्हती. उलट इतका स्वच्छ कार्बोरेटर मी क्वचितच बघितला असेल.

याची उलटी बाजूही भेटते. वायरिंग कापताना इंजिन बंद करायच्या स्विचची तार उघडी राहते, वरून चिकटपट्टी मारलेली असते, आणि सांगाडा हलला की ती बॉडीला टेकते. मॅग्नेटोवर चालणाऱ्या इंजिनात ही तार बॉडीला टेकणं म्हणजेच इंजिन बंद करणं. माणूस एकीकडून किक मारतोय आणि त्याचंच इंजिन दुसरीकडून बंदचा हुकूम घेऊन बसलंय. अशा वेळी ती तार मुळाशी सोडवून बाजूला धरायची आणि ठिणगी बघायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते सोडून लोक पिस्टनपर्यंत पोचलेले असतात.

पंपाच्या इंजिनाचा एक प्रकार तर हमखास येतो. वेग वाढवायचा म्हणून किंवा कॉईल बदलायची म्हणून फ्लायव्हील काढलेलं असतं. फ्लायव्हील आणि क्रँक यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराची एक छोटी चावी बसते, आम्ही तिला हाफमून म्हणतो. नट नीट आवळला नाही किंवा फ्लायव्हील हातोडीनं ठोकून काढलं, की ही चावी अर्धी कातरते. बाहेरून काहीच दिसत नाही. ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल आहे, पण ठिणगी नको त्या क्षणी पडते. इंजिन दोरी उलटी खेचतं, बोटं सोलून निघतात, कार्बोरेटरमधून फटाका वाजतो. दोरीनं हिसका दिला की मी दुसरं काही न बघता फ्लायव्हील उतरवतो. परत बसवताना कॉईल आणि फ्लायव्हीलमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. फिलर गेज हाताशी नसेल तर एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून कॉईल आवळतात. माझी निम्मी व्हिजिटिंग कार्डं याच कामी आली आहेत.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते गोबरगॅसवर चढवलेल्या एका जनरेटरनं.

कागल तालुक्यातले एक तात्या. दोन म्हशी, दोन गाई, घरामागं दीनबंधू पद्धतीचा गोबरगॅस प्लँट, दोन घनमीटरचा. मुलगा डिप्लोमाला. त्यानं घरचा पेट्रोल जनरेटर गोबरगॅसवर चालवायचं मनावर घेतलं. कल्पना नवी नव्हे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामातल्या मैल्याच्या टाक्यांवर गॅस गोळा करून त्यावर इंजिनं चालवल्याची नोंद जुन्या अभियंत्यांच्या लिखाणात सापडते. तेव्हा पोराच्या डोक्यात काही खूळ शिरलंय असं म्हणायचं कारण नव्हतं. त्यानं कार्बोरेटर काढला, त्या जागी पीव्हीसीचा टी बसवला, एका तोंडाला हवा, दुसऱ्या तोंडाला गॅसचा पाईप आणि मध्ये एक कॉक. दिसायला सुबक काम होतं. फक्त चालू होत नव्हतं. तात्या म्हणाले, "मेस्त्री, ठिणगी हाय, गॅस हाय, हवा तर फुकटचीच हाय. मग घोडं पेंड कुठं खातंय?"

जनरेटर उचलून वर्कशॉपात आणण्यात अर्थ नव्हता. वर्कशॉपात गोबरगॅस कुठला? म्हणून मीच गेलो.

पहिली गोष्ट, ठिणगी नव्हतीच. पोरानं कार्बोरेटर उतरवण्याआधी बघितली होती तेव्हा होती, त्यानंतर कुणी बघितलेली नव्हती. प्लग काढून सिलिंडरच्या डोक्याला टेकवला, दोरी ओढली, कोरडा ठणठणीत. कॉईल ठीक, तारा ठीक. मग नजर खाली गेली. गॅसचा पाईप सरळ यावा म्हणून त्यानं जनरेटरच्या एका अंगाला लाकडी ठोकळे लावले होते. इंजिन चांगलंच कलतं उभं होतं. या जातीच्या चार-स्ट्रोक इंजिनांच्या पोटात ऑईलची पातळी बघणारा फ्लोट असतो. ऑईल कमी झालं की तो ठिणगी मारून टाकतो, म्हणजे इंजिन जाम होत नाही. इंजिन कललं की ऑईल एका बाजूला जातं आणि फ्लोटला वाटतं संपलं. ठोकळे काढले, इंजिन समतल केलं, डिपस्टिक बघून ऑईल पुरं केलं, निळी ठिणगी कडकडली. बदल गॅसचा आणि बंद पडलं ठोकळ्यांमुळं. पोरगा खजील झाला, पण त्याला बोलण्यात काही हशील नव्हतं. ठोकळ्यांना कुणी फेरफार म्हणत नाही.

ठिणगी आली तरी इंजिन गॅसवर पकडेना. इथं पेट्रोलवर हात बसलेल्या मेकॅनिकची फसगत होते. पेट्रोल इंजिन सुरू झालं नाही तर प्लग काढून बघायचा: ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कोरडा असेल तर येतच नाही. प्लग बोलतो. गॅसवर प्लग कायम कोरडाच. जास्त गेला तरी कोरडा, अजिबात गेला नाही तरी कोरडा. वासावरूनही काही कळत नाही, कारण गोठ्याशेजारी सगळ्याच गोष्टींना तोच वास.

म्हणून मी पोराला म्हटलं, आधी तुझा टी काढ आणि कार्बोरेटर परत बसव. त्याला ते जिवावर आलं. पण ज्या इंजिनात बदल केलाय ते बदलाआधीच्या अवस्थेत चालतं का, हे ठरल्याशिवाय पुढं पाऊल टाकता येत नाही. व्हॉल्व्हची फट बघितली, इनलेटला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर, दोन्ही जागेवर. कॉम्प्रेशन बघताना पोरगा म्हणाला, दोरी फारच हलकी ओढली जातेय, रिंगा गेल्या असतील. नव्हत्या गेल्या. या इंजिनांच्या कॅमवर सुरू करताना दाब थोडा सोडून देणारी एक युक्ती असते, दोरी ओढणाऱ्याचा खांदा वाचावा म्हणून. फ्लायव्हील हातानं उलटं फिरवलं की खरा दाब कळतो, ते चेंडूसारखं मागं उसळतं. उसळलं. पेट्रोल घातलं, चोक ओढला, दुसऱ्या ओढीला सुरू. म्हणजे इंजिन निर्दोष. आता जे काही असेल ते गॅसच्या बाजूला.

कार्बोरेटर परत बसवण्याचं आणखी एक कारण होतं. जनरेटर ३००० फेऱ्यांवर राहायला हवा, नाहीतर ५० हर्ट्झची वीज मिळत नाही. त्या फेऱ्या गव्हर्नर सांभाळतो, आणि गव्हर्नरची काडी कार्बोरेटरच्या थ्रॉटलला जोडलेली असते. पोरानं कार्बोरेटर काढला तेव्हा ती काडी हवेत लोंबकळत राहिली. धड चाललं असतं तर इंजिन सुसाट पळालं असतं किंवा बल्ब फुटले असते. म्हणून आम्ही कार्बोरेटर जागेवर ठेवला आणि गॅसचा टी त्याच्या अलीकडे, एअर क्लीनरच्या बाजूला घेतला. पेट्रोलवर सुरू करायचं, पेट्रोलचा कॉक बंद करायचा, वाटीतलं पेट्रोल संपत आलं आणि इंजिन अडखळायला लागलं की गॅस हळूहळू सोडायचा.

ते अडखळलं आणि बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा बंद.

पाईप बघितला. प्लँटपासून गोठ्यापर्यंत जमिनीलगत आलेला, मध्ये एका ठिकाणी झोळ पडलेला. गोबरगॅस ओला असतो, त्यातली वाफ थंड होऊन झोळात पाणी साचतं आणि गॅसची वाट अडते. शेगडी धक्के खात पेटते, त्याचं हेच कारण. पाईप सोडून झोळातलं पाणी काढलं, तांब्याभर तरी निघालं असेल. फरक पडला, पण इंजिन काही तग धरेना.

आम्ही चहाला बसलो तेव्हा काकू, पोराची आई, म्हणाल्या, "ठोकळं लावायच्या आधी एकदा सैपाक उरकल्यावर ह्यानं ओढलं तवा जरा येळ चाललं की. सकाळच्या पारी कधीच न्हाई चालत." पोरगा म्हणाला, योगायोग. मला तो योगायोग वाटला नाही.

खादी ग्रामोद्योगचा जुना लोखंडी टाकीचा प्लँट ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत असेल, टाकी गॅसबरोबर वर-खाली होते आणि तिच्या वजनाइतकाच दाब कायम राहतो, साधारण दहा सेंटिमीटर पाण्याचा. दीनबंधूचा घुमट पक्का बांधलेला. गॅस साचेल तसा दाब चढतो, वापराल तसा उतरतो. मी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीला बांधली, त्यात पाणी घातलं आणि एक टोक गॅसच्या पाईपला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटवायच्या आधी दोन बाजूंच्या पाण्यात हातभर फरक. सैपाक झाल्यावर जेमतेम चार बोटं. आणि पोराच्या कॉकची जागा दोन्ही वेळेला तीच.

इथं मूळ गोष्ट समजून घ्यायला हवी. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल बाहेरच्या हवेच्याच दाबाखाली असतं. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढ्याच ओढीनं पेट्रोल वर येतं, हिशेब आपोआप जमतो. गॅस दाबाखाली असला की तो इंजिनाच्या ओढीची वाट बघत नाही, घुसतोच. गोबरगॅसमध्ये साधारण साठ टक्के मिथेन धरला तर एका घनमीटर गॅसला पावणेसहा घनमीटर हवा हवी. मिथेन हवेत शेकडा ५ पेक्षा कमी असला तर पेटत नाही आणि शेकडा १५ पेक्षा जास्त असला तरी पेटत नाही. त्यात उरलेला कार्बन डायऑक्साईड आग विझवायच्याच बाजूचा, म्हणजे ही पट्टी आणखी अरुंद. सकाळी हातभर दाबानं गॅस नुसता कोंबला जात होता. वर कार्बोरेटर परत बसवल्यापासून पोरगा थंड इंजिन म्हणून चोक ओढायचा. पेट्रोलवर ती सवय बरोबर आहे. गॅसवर चोक ओढणं म्हणजे आधीच कमी पडणारी हवा आणखी तोडणं.

उपाय महाग नव्हता. प्लँट आणि इंजिनाच्या मध्ये गॅस साठवायची रबरी कापडाची पिशवी टाकली, बलून म्हणतात ती. तिच्यात दाब कायम कमी आणि सारखा राहतो. पिशवीत गॅस भरायचा, प्लँटकडचा कॉक बंद करायचा आणि इंजिन पिशवीवर चालवायचं. कॉकची जागा एकदा ठरली की खूण करून ठेवता येते. सांधे साबणाच्या फेसानं तपासले. गळती बघायला काडी पेटवणारे महाभाग मी बघितलेत, त्यांच्या भुवया बघून ओळखू येतात. त्या दिवशी संध्याकाळी जनरेटर गॅसवर चालला, बल्ब स्थिर. पोरगा एकसारखा एक्झॉस्टजवळ हात नेऊन बघत होता, जणू धूर पेट्रोलचा की गॅसचा हे हाताला कळणार होतं.

निघताना त्याला आणखी एक काम सांगितलं. गोबरगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो तांब्या-पितळेचे भाग खातो आणि ऑईल लवकर नासवतो. लेथवरचा लोखंडी कीस गंजवून एका पाईपमध्ये भरायचा आणि गॅस त्यातून न्यायचा, गंज तो वायू धरून ठेवतो. मात्र असा वापरलेला कीस बाहेर काढला की हवा लागून तापतो, तेव्हा तो कडब्याच्या गंजीजवळ टाकायचा नाही. आमच्या गल्लीत हा कीस पोत्यानं पडलेला असतो, तात्यांना मी फुकट दिला.

आता हिशेब, जो यंत्र बनवण्याआधी कुणी करत नाही. दोन घनमीटर गॅसला रोजचं पन्नासेक किलो शेण लागतं, चार जनावरांत तेवढं निघतं. इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा घनमीटर गॅस खातं. एक किलोवॅट वीज काढायला इंजिनाला दोनेक अश्वशक्ती द्यावी लागते, म्हणजे तासाला एक घनमीटर. आणि सैपाकाला माणशी दिवसाला पाव घनमीटर लागतो. तात्यांच्या घरात पाच माणसं. उरतो तो पाऊण घनमीटर, म्हणजे एक किलोवॅटच्या बोजावर पाऊण तास. शिवाय पेट्रोलवर जेवढी ताकद मिळते तेवढी गॅसवर मिळत नाही, पाचवा हिस्सा तरी कमी धरावा. हे मी तात्यांना स्पष्ट सांगितलं. चार जनावरांच्या घरात या गॅसची खरी जागा शेगडी आहे. जनरेटर परवडतो तो वीस-पंचवीस जनावरांच्या गोठ्याला. तात्या म्हणाले, "धारेच्या येळंला लाईट जाती, तेवढा पाऊण तास निघाला तर बास झालं." त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर होता, त्यावर मी काय बोलणार?

ज्यांना इंजिनावर प्रयोग करायचेत त्यांनी जरूर करावेत. एक विनंती आहे. खोलायच्या आधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढा. एका वेळी एकच बदल करा आणि पुढचा करण्याआधी इंजिन चालवून बघा. काढलेला एकही भाग भंगारात घालू नका. आणि तरीही सुरू झालं नाही, तर इंजिनाबरोबर ते काढलेलं सामान पिशवीत घालून आणा, आणि ज्यानं खोललं त्यालाही सोबत घेऊन या. त्याला कुणी ओरडणार नाही.